ताई परदेशी, वर्ग पुण्यात: एका योगवर्गाचे प्रकरण

हे प्रकरण पुण्याच्या कोथरूड भागात चालणाऱ्या एका खाजगी योगवर्गाचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि आकडे थोडे बदलले आहेत. वर्गाच्या शिक्षिकेचा उल्लेख विद्यार्थी करतात तसाच, म्हणजे ‘ताई’ असा, केला आहे. मी स्वतः 2013 पासून या वर्गाच्या सकाळच्या बॅचला जातो आणि 2019 पासून वर्गाचा जमाखर्च लिहितो. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पार्श्वभूमी

ताईंनी 2009 मध्ये एका गृहनिर्माण सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल भाड्याने घेऊन वर्ग सुरू केला. शिकवण्याची पद्धत अय्यंगार परंपरेतील होती, म्हणजे आसनात अंगाची ठेवण नेमकी हवी आणि ज्याचे शरीर तिथवर पोचत नाही त्याला लाकडी विटा, पट्टे, लोड, ब्लँकेट आणि घडीच्या लोखंडी खुर्च्या यांचा आधार द्यायचा. भिंतीला दोर लावण्याची परवानगी सोसायटीने चार वर्षांनी दिली, तीही भिंतीला भोके पडली तर बुजवून देऊ असे लिहून घेऊन. हळूहळू तीन बॅच झाल्या: सकाळी साडेसहाची, सकाळी दहाची आणि संध्याकाळी साडेसहाची. दहाच्या बॅचला मुख्यतः ज्येष्ठ मंडळी आणि गृहिणी असत. 2024 च्या सुरुवातीला तिन्ही मिळून 62 विद्यार्थी होते, फी महिना 1,200 रुपये होती आणि हॉलचे भाडे 18,000 रुपये होते.

परदेश दौऱ्यांची सुरुवात मार्च 2020 च्या टाळेबंदीत झाली. ताईंनी वर्ग ऑनलाइन घेतले, एका विद्यार्थिनीची जर्मनीतील मुलगी त्यांत बसू लागली, तिच्यामागून तिच्या चार मैत्रिणी आल्या आणि 2022 मध्ये तिकडच्या एका लहान योग केंद्राने ताईंना पाच दिवसांच्या कार्यशाळेसाठी बोलावले. 2023 मध्ये दोन दौरे झाले. 2024 मध्ये ऑस्ट्रियातूनही आमंत्रण आले आणि मे-जून मिळून एक दौरा सलग सहा आठवड्यांचा ठरला.

पुण्याला यात नवल काही नाही. या परंपरेचे प्रवर्तक बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये गुरूंच्या सांगण्यावरून डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले आणि 1954 मध्ये प्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांच्या निमंत्रणावरून प्रथम युरोपात गेले. 1975 मध्ये मॉडेल कॉलनीत रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिल्यावर तर जगच शिकायला इकडे येऊ लागले. मात्र गुरुजी दौऱ्यावर असताना घरी शिकवायला गीता आणि प्रशांत ही त्यांची मुले होती, हा भाग दौऱ्यांच्या गोष्टी सांगताना सहसा गाळला जातो. आमच्या ताईंच्या घरी यजमान बँकेत आणि मुलगा इंजिनिअरिंगला, म्हणजे ती सोय नव्हती.

अडचण कशी उघड झाली

2022 आणि 2023 चे दौरे दोन-तीन आठवड्यांचे होते. त्या काळात ताईंची एक जुनी विद्यार्थिनी, जिने शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केले होते, बॅच सांभाळत असे. तिला दर तासाला 300 रुपये मिळत. विद्यार्थी तिला ‘बदली मॅडम’ म्हणत, जशी शाळेत म्हणतात तशी, आणि त्या तीन आठवड्यांत निम्मे लोक काही ना काही कारणाने येत नसत. ताई परत आल्या की हॉल भरायचा. सगळ्यांनी याला दौऱ्याचा स्वाभाविक खर्च मानले होते.

मे 2024 मध्ये मात्र एक प्रसंग घडला. दहाच्या बॅचमध्ये एक काका आहेत, वय तेव्हा 71, दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. डोके हृदयाच्या खाली जाते अशा स्थितीत डोळ्यांतील दाब वाढतो. निरोगी माणसात आसनातून बाहेर आल्यावर तो पूर्ववत होतो, पण काचबिंदूच्या रुग्णाने ही जोखीम घेऊ नये असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. शीर्षासनात ही वाढ सर्वांत मोठी असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. अधोमुख श्वानासनासारख्या (हात-पाय जमिनीवर, कंबर वर, डोके खाली) साध्या वाटणाऱ्या आसनातही दाब वाढतो, हे फारसे ठाऊक नसते. ताईंना ते ठाऊक होते. बाकी बॅच श्वानासन करत असताना त्या काकांना भिंतीशी नेत, तळहात कमरेच्या उंचीवर भिंतीला टेकवायला लावत आणि पाठ जमिनीला समांतर ठेवायला सांगत. यासाठी त्या शब्दही वापरत नसत. नुसता भिंतीकडे हात करत आणि काका आपले उठून जात.

ताई जर्मनीत असताना बदली मॅडमनी श्वानासन सांगितले. काका भिंतीकडे निघाले. त्या म्हणाल्या, “काका, जमेल तुम्हाला, इथेच करा, मी धरते.” काकांनी केले. तीन आठवड्यांत किमान सहा-सात वेळा केले. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी व्यायाम काय चालला आहे असे सहज विचारले, तेव्हा हे बाहेर आले आणि काकांना चांगलीच बोलणी बसली. सुदैवाने तपासणीत काही बिघाड आढळला नाही. पण काकांच्या सुनेने वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर सगळे लिहिले, आणि शेवटची ओळ अशी होती: “फी ताईंच्या नावाने घेता, मग जबाबदारी कोणाच्या नावावर?”

जुलैअखेर विद्यार्थी 62 वरून 47 वर आले. गेलेल्या 15 पैकी 11 दहाच्या बॅचमधले होते.

ताई परतल्यावर मी, ताई आणि बदली मॅडम असे तिघे हॉलमध्ये सतरंजीवर बसलो. ताईंचा पहिला प्रश्न होता, “काकांना काचबिंदू आहे हे तुला माहीत नव्हतं?” त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “कुठे लिहिलेलं होतं, ताई?” ताई गप्प झाल्या. मग त्यांनी पिशवीतून एक प्लास्टिकची फाइल काढून आमच्यासमोर ठेवली. तिच्यात ऑस्ट्रियातल्या कार्यशाळेत आलेल्या 24 जणांचे आरोग्याचे अर्ज होते. तिथल्या आयोजकांनी प्रत्येकाकडून आधी भरून घेतलेले, ताईंनी विमानात बसून वाचलेले आणि समासात पेन्सिलने खुणा केलेले. पाच दिवसांसाठी भेटणाऱ्या परक्या माणसांचे गुडघे, मणके, रक्तदाब आणि डोळे कागदावर होते आणि पंधरा वर्षे रोज भेटणाऱ्यांचे फक्त ताईंच्या डोक्यात. “मी सगळ्यांना ओळखते ना,” असे त्या म्हणाल्या खऱ्या, पण ते वाक्य त्यांनीच अर्ध्यावर सोडले.

माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे. व्हॉट्सअॅप गटावरची चर्चा दौरे हवेत की नकोत, ताईंना परदेशाची हौस लागली का, युरो मोठे की माणसे मोठी, या वळणाने गेली आणि आठ दिवस तशीच चालली. त्यात करमणूक भरपूर होती.

कोणते पर्याय समोर होते

दौरे थांबवावेत, हा सर्वांत सोपा दिसणारा पर्याय. जमाखर्च माझ्याकडे असल्याने मी एवढेच सांगू शकतो की सहा आठवड्यांच्या दौऱ्यातून खर्च वजा जाता जे उरले, ते इथल्या साधारण पाच महिन्यांच्या शिल्लकेएवढे होते. मुलाच्या शिक्षणाचा हप्ता त्यातूनच जात होता. शिवाय ताईंच्या दृष्टीने हा केवळ पैशाचा विषय नव्हता. तिकडे विद्यार्थी प्रत्येक सूचनेला ‘का’ विचारतात, आणि उत्तर शोधताना आपल्यालाच आसन नव्याने कळते, असे त्या मला दोन-तीनदा म्हणाल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी आमच्या बॅचलाही “प्रश्न विचारा” असे सांगून पाहिले होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. अखेर एका आजींनी विचारले, “उजवा पाय आधी की डावा?” हॉलभर हशा झाला आणि विषय संपला.

दौऱ्याच्या काळात वर्ग बंद ठेवून फी परत करावी, हा दुसरा पर्याय. तो सरळ आणि प्रामाणिक आहे. पण हॉलचे भाडे थांबत नाही आणि साठी ओलांडलेल्या माणसाचा सहा आठवडे खंड पडला की परत येताना गुडघे पुन्हा पहिल्यापासून समजवावे लागतात.

ताईंनी तिकडून ऑनलाइन वर्ग घ्यावेत, हा पर्याय गटावर सर्वांत लोकप्रिय होता. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते. पुण्याची सकाळची साडेसहाची बॅच म्हणजे तिकडचे पहाटेचे तीन, आणि संध्याकाळची साडेसहाची म्हणजे दुपारचे तीन, ज्या वेळी कार्यशाळेचे दुसरे सत्र चालू असते. 2023 मध्ये ताईंनी चार दिवस पहाटे तीनला उठून वर्ग घेऊन पाहिला होता. चौथ्या दिवशी त्यांनी एकाच बाजूचे त्रिकोणासन दोनदा करून घेतले आणि दुसरी बाजू विसरल्या. त्याहून मोठी अडचण अशी की दहाच्या बॅचला नुसत्या सूचना पुरत नाहीत, तिथे हात लागतो.

रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंची सूचना कोणीतरी केली आणि ज्येष्ठांनी ती तिथेच बाद केली.

बाहेरचा अनुभवी शिक्षक आणावा, असाही विचार झाला. पुण्यात असे शिक्षक पुष्कळ आहेत. पण तोही काकांच्या डोळ्यांबद्दल अनभिज्ञच असणार होता, आणि मूळ उणीव तशीच राहून केवळ माणूस बदलला असता.

परदेशी विद्यार्थ्यांनाच पुण्यात बोलवावे, हा शेवटचा पर्याय मला व्यक्तिशः आवडला होता. हिशेब मांडल्यावर लक्षात आले की त्यासाठी राहण्याची सोय, मोठा हॉल आणि सकाळच्या बॅचची वेळ यांपैकी एकाचा तरी बळी द्यावा लागेल.

निर्णय आणि अंमलबजावणी

ऑगस्ट 2024 मध्ये तीन गोष्टी ठरल्या. त्यांतली पहिली विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवायच्या वहीची होती आणि तिलाच सर्वाधिक वेळ लागला.

आधी छापील अर्ज करून पाहिला. तो फसला. ‘काही आजार आहे का’ या रकान्यात आमच्या लोकांनी सरसकट ‘नाही’ लिहिले. ज्यांना वीस वर्षे रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनीही, कारण गोळी चालू आहे म्हणजे आता आजार नाही, असे त्यांचे गणित. मग ताई आणि बदली मॅडम यांनी प्रत्येक विद्यार्थ्याला वर्गानंतर दहा मिनिटे थांबवले आणि गप्पांच्या ओघात विचारले. गोळ्या कोणत्या, शस्त्रक्रिया कधी, जिना उतरताना कुठे दुखते, डोळ्यांची तपासणी कधी झाली. एक विचारायची आणि दुसरी लिहायची. 47 जणांना पाच आठवडे लागले.

वही साधी, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची आहे. प्रत्येकाला एक पान. काय करायचे नाही ते लाल शाईत वर, त्याऐवजी काय करायचे ते निळ्या शाईत खाली. एका काकूंचे पान, त्यांच्या परवानगीने, असे आहे: “उजवा गुडघा, 2021 मध्ये दुर्बिणीची शस्त्रक्रिया. सुप्त वीरासन नाही. वीरासनात बैठकीखाली दोन विटा, पोटरीवर ब्लँकेटची घडी. सर्वांगासनात खांद्यांखाली चार ब्लँकेट, तीन चालत नाहीत, मान अवघडते. दुखले तरी सांगत नाहीत, चेहरा बघावा.” शेवटची ओळ कोणत्याही छापील अर्जात आली नसती. काकांच्या पानावर लाल शाईतल्या आसनांची यादी त्यांच्या डॉक्टरांना दाखवून, त्यांच्याकडून एक आसन वाढवून आणली आहे. वही कपाटात कुलपात असते आणि किल्ली दोघींकडेच, कारण तिच्यात लोकांच्या खासगी गोष्टी आहेत.

दुसरा निर्णय सहकारी शिक्षिकेच्या स्थानाचा. ताई नसतानाच त्या उगवायच्या, म्हणून त्या ‘बदली’ ठरायच्या. ऑक्टोबर 2024 पासून दहाच्या बॅचचा एक दिवस वर्षभर त्यांचाच असतो. सुरुवातीला ताई तेव्हा हॉलमध्ये असल्या तरी मागे उभ्या राहून विटा आणि पट्टे देत. पहिले दोन महिने विद्यार्थी सूचना त्यांची ऐकत आणि मान ताईंकडे वळवत. ताईंनी मग त्या दिवशी येणेच बंद केले. मानधनाचाही प्रश्न होता. महिनाभराची फी ताईंकडे आणि शिकवणारीला तासाला 300 रुपये, हे सुनेच्या त्या प्रश्नानंतर कोणालाच बरे वाटेना. आता ताई बाहेर असतील त्या काळातल्या फीमधून भाडे वजा जाता उरेल ते सगळे सहकारी शिक्षिकेला मिळते. ताईंनी हे मान्य करायला दोन दिवस घेतले, हेही नोंदवले पाहिजे.

तिसरा निर्णय दौऱ्याच्या लांबीचा आणि वेळेचा. वर्षाला एकच दौरा, चार आठवड्यांच्या आत, आणि दहाच्या बॅचला फटका कमी बसेल अशा वेळी. 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला बसले आणि 6 सप्टेंबरला विसर्जन झाले. त्या दहा-अकरा दिवसांत आमच्याकडे हजेरी एरवीही निम्म्यावर येते, मग लगेच पितृपक्ष. दौरा 24 ऑगस्ट ते 18 सप्टेंबर असा बसवला. ताईंच्या सासूबाईंना घरच्या गणपतीला सून नसणे फारसे रुचले नाही. त्या नाराजीवर आमच्याकडे उपाय नव्हता.

याच सुमारास परवानगी आणि कराचेही मार्गी लावले. शेंगेन देशांच्या (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश, जर्मनी आणि ऑस्ट्रिया त्यांतलेच) अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते, पण पर्यटक म्हणून जाऊन मानधनावर शिकवता येत नाही. त्यासाठी त्या त्या देशाचे नियम पाहून परवानगी काढावी लागते. “सगळे असेच येतात,” असे एका आयोजकाने कळवले होते. ताईंनी त्यांच्याकडची कार्यशाळा रद्द केली आणि जे आयोजक रीतसर कागदपत्रे करायला तयार होते त्यांच्याकडेच गेल्या. भारतात रहिवासी असणाऱ्याचे परदेशातले उत्पन्नही इथे करपात्र असते, म्हणून ते विवरणपत्रात दाखवले. दोन्हीकडचे मिळूनही उलाढाल 20 लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणीची गरज पडली नाही.

परिणाम

सप्टेंबर 2025 मध्ये ताई बाहेर असताना दहाच्या बॅचची हजेरी, गणपतीचे दिवस सोडले तर, एरवीच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास राहिली. आधीच्या दौऱ्यांत ती निम्म्यावर येत असे. वर्षअखेर विद्यार्थी 58 होते. गेलेल्यांपैकी सहा जण परतले, बाकीचे नवे. काका परतले. त्यांची सून नाही, पण ती कधी येतच नव्हती.

सहकारी शिक्षिकेला आता कोणी बदली मॅडम म्हणत नाही. नऊ जणांनी तर ताईंऐवजी त्यांच्याच दिवशी यायला सुरुवात केली आहे. ताईंना याचे पूर्ण समाधान आहे असे मी म्हणणार नाही. एकदा हजेरीपट चाळताना त्यांनी ती नऊ नावे दोनदा मोजली.

आर्थिक बाजू पहिल्या वर्षी तोट्याची राहिली. दौरा लहान झाला, दौऱ्याच्या काळातली फी गेली, आणि एक दिवसाचे मानधन वर्षभर वाढले. मुलाचे शेवटचे वर्ष असल्याने ते निभावले. दोन वर्षे आधी हेच केले असते तर निभावले नसते, आणि असा निर्णय घेऊ पाहणाऱ्या दुसऱ्या शिक्षकाने हा भाग आधी तपासावा.

काय वेगळे करता आले असते

2022 च्या पहिल्या दौऱ्याआधीच वही व्हायला हवी होती. तेव्हा विद्यार्थी चाळिसच होते आणि घाई नव्हती. याचा दोष एकट्या ताईंना देता येत नाही. जमाखर्चाच्या वहीत मी कोणाची फी किती तारखेला आली हे पाच वर्षे लिहीत होतो, पण कोणाच्या गुडघ्याला काय झाले आहे हे कुठे लिहिले आहे का, असा प्रश्न मलाही पडला नव्हता.

व्हॉट्सअॅप गटावर उत्तर द्यायला आम्ही चार दिवस घेतले, कारण आधी एकमेकांशी बोलून मग बोलू असे ठरले होते. त्या चार दिवसांत उरलेल्यांनी आपापली उत्तरे तयार केली. ताईंनी त्याच संध्याकाळी जर्मनीहून काकांना फोन केला होता आणि तो अर्धा तास चालला होता, पण हे गटावर कोणाला कळलेच नाही.

काकांनी तेव्हाच “मला हे चालत नाही” असे का म्हटले नाही, हा प्रश्न मी त्यांना नंतर विचारला. ते म्हणाले, “त्या बिचाऱ्या नव्या. सगळ्यांसमोर कसं म्हणायचं?” ही भीड वहीने जात नाही. सध्या वर्ग सुरू होताना दोघीही आज कोणाला काय त्रास आहे असे विचारतात. पहिले काही महिने उत्तर येत नसे. आता त्या आजी सोडून आणखी तिघे-चौघे बोलतात. काकांचा आवाज अजून निघत नाही, ते नुसता भिंतीकडे हात करतात.

फेब्रुवारी 2026 मध्ये सहकारी शिक्षिकेने मुलीच्या बारावीच्या परीक्षेसाठी तीन आठवड्यांची रजा घेतली. तिच्या दिवशीचा वर्ग घ्यायला आलेल्या ताईंनी आधी कपाट उघडून वही काढली आणि खुर्चीत बसून वाचली. चार पानांवर त्यांना ठाऊक नसलेल्या नोंदी निघाल्या. त्यातली एक त्या गुडघ्याच्या काकूंची होती: ब्लँकेट आता चार नकोत, तीन पुरतात.